लोलकाने शांत होणारं मशीन

त्या दुपारी दादाच्या छापखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचा चष्मेवाला दुकान उघडं टाकून आला होता, गिऱ्हाइकं कागदाच्या गठ्ठ्यांवर चढून माना उंचावत होती, आणि मधोमध लोलकवाले डोळे मिटून कॉम्प्युटरवर पितळी लोलक फिरवत होते. स्वतःला ते लहरीतज्ज्ञ म्हणवून घेत.

"या यंत्रात परकी लहर शिरलीय," ते खर्जात म्हणाले. "खोलीत जे जे डोळे मिचकावतंय ते बंद करा. त्याशिवाय ती उतरायची नाही."

दादाने लगबगीने राऊटर बंद केला, चार्जर उपटले, भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरवलं. दोन दिवस मशीन पिसाळलं होतं. नको त्या जाहिरातींच्या खिडक्या आपोआप उघडायच्या, एक बंद करावी तर चार उगवायच्या. आता मात्र लोलक फिरत राहिला आणि एकही नवी खिडकी उघडली नाही.

"शांत झालं!" कुणीतरी ओरडलं. चष्मेवाल्याने चक्क हात जोडले.

ही लोलकवाल्यांची दुसरी फेरी. पहिल्या फेरीनंतर तासाभरात मशीन पुन्हा बिथरलं, तेव्हा ते म्हणाले होते, घरात कुणाच्या तरी मनात किंतु आहे. किंतु वहिनीच्या मनात होता. तिनेच मला बोलावून घेतलं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि माझी जीभ तिखट आहे, हे दोन्ही घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला काळजी होती ती दादाकडे छापायला आलेल्या बाईंच्या पुस्तकाची. बाई म्हणजे कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. मुलांनी आपापसात घडवलेल्या हातखुणा त्यांनी आयुष्यभर चितारून ठेवल्या होत्या. भीती वाटते याची खूण, थट्टा करतोयस ना याची, आजीच्या अंगाला येणाऱ्या वासाचीसुद्धा. चित्रं स्कॅन झालेली, म्हणून शाळा बंद पडली तेव्हा मूळ कागद रद्दीत गेले. मुलं पांगली. आता बाईंचा हात इतका थरथरतो की पेन्सिल धरवत नाही. जे काही उरलं होतं ते या मशीनमध्ये, आणि एका वेगळ्या डिस्कवर. ती डिस्क एरवी कपाटात असायची. लोलकवाल्यांनी ती मशीनला जोडून ठेवायला लावली होती. "लेकराला आईपासून तोडू नका," म्हणे.

मी आधी डिस्क काढली. मग म्हणाले, "दादा, राऊटर लाव."

"अगं, आत्ता कुठे शांत झालंय!"

"लाव तर."

लोलक फिरतच होता आणि खिडक्या भराभर उघडायला लागल्या. मी राऊटर पुन्हा बंद केला, मशीन नव्याने सुरू केलं, चष्मेवाल्याच्या गळ्यातला दोरीचा चष्मा काढून घेतला आणि मशीनवर गरागरा फिरवला. एकही खिडकी नाही.

"बघा, चष्म्यातही लहरी आहेत!"

लोक हसले. लोलकवाले मात्र हसले नाहीत. "शंकेखोरांपुढे लहरी उलटतात," असं म्हणून त्यांनी लोलक रुमालात गुंडाळला आणि काढता पाय घेतला.

"हे सुरू होण्याआधी कुठली मेल उघडली होतीस?" मी दादाला विचारलं.

"श्रद्धांजलीचं कार्ड होतं. तातडीचं. अक्षरं सगळी फुटलेली. वर पिवळी पट्टी आली, मजकूर दिसायला परवानगी द्या. दिली."

"पाठवणारा ओळखीचा होता?"

"आलेली फाईल उघडायची हाच तर आपला धंदा. ओळख कसली विचारतेस?"

फुटलेला फॉन्ट छापखान्यात रोजचाच. तो दिसला की हात आपोआप बटणाकडे जातो. ही अक्षरं मात्र मुद्दाम फोडलेली होती.

"त्या परवानगीने एक छोटा प्रोग्राम आत आला," मी सांगितलं. "त्याचं काम एकच, इंटरनेटवरून बाकीची घाण ओढून आणायची. तू खिडक्या बंद करतोस, तो नव्या आणतो. राऊटर बंद केला की त्याचा रस्ताच बंद. ते लोलक फिरवत होते, काम केलं तुझ्या बोटाने. आता राऊटर लावू नकोस. उद्या मी दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर तयार केलेला पेनड्राइव्ह आणते. त्यावरून हे सुरू करू, बाईंच्या फायली काढून घेऊ, मग सगळं पुसून नव्याने टाकू. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलू. आणि डिस्क मी नेते."

"डिस्क नाही. बाईंची वस्तू इथून हलणार नाही, असा शब्द दिलाय मी."

मी हट्ट धरायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा पडद्यावर एकच लाल सूचना होती: तुमच्या फायलींना कुलूप घातलंय, किल्ली हवी असेल तर पैसे भरा. दादा खुर्चीत बसून होता.

"त्यांचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हणाले, मी घरूनच लहरी पाठवतो. मशीन, राऊटर, डिस्क, सगळं जोडून ठेवा."

रस्ता मोकळा मिळाल्यावर त्या छोट्या प्रोग्रामने कुलूप घालणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामला आत आणलं होतं. माझ्या पेनड्राइव्हने दोघांनाही शोधलं आणि काढलंही. मशीन स्वच्छ झालं, कुलपं तशीच राहिली. डिस्कवरचीसुद्धा. पैसे भरून किल्ली मिळेलच याची खात्री नाही, आणि भरायला दादाकडे होतं काय? कधीतरी कुणी किल्ली शोधेल म्हणून त्या बंद फायली मी जपून ठेवल्यात. मला फारशी आशा नाही.

संध्याकाळी बाई प्रुफं बघायला आल्या. दादाने त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिने शंका घेतली. नाहीतर वाचलं असतं." दारातल्या चष्मेवाल्याने मान डोलावली. काल हसला होता तोच हा!

मी बाईंना राऊटर, मेल, कुलूप, सगळं पुन्हा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणता, परत मिळणार नाही. ते काय म्हणतात?"

"ते म्हणतात, मिळेल," दादा म्हणाला.

"मग त्यांना बोलवा."

मला रडू आलं. गेलेलं परत आणून देईन असं खोटं मला सांगता येत नाही, आणि ते सांगणाऱ्याकडेच माणूस जातो. म्हणून ज्यांचं अजून काही गेलेलं नाही त्यांना हात जोडून सांगते: अनोळखी फाईल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करा. ती परवानगी मागत असेल तर देऊ नका. फायलींची नक्कल मशीनपासून तोडूनच ठेवा. आणि चमत्कार बघताना तो करणाऱ्याच्या हाताकडे बघू नका, त्याने तुम्हाला काय करायला लावलं ते बघा. हे सगळं आधी करायचं असतं. नंतर माझ्यासारखीला कुणी विचारत नाही.