रंगवलेला हात आणि भाजलेला पाय

अप्पांनी हौशी नाटकांत जन्म घालवला, पण रंगमंचावर तोंड उघडायची संधी त्यांना कधी मिळाली नाही. प्रेत म्हणून आडवं पडायचं, नाहीतर भाला धरून दाराशी उभं राहायचं. त्यामुळे सुनेच्या नर्सिंगच्या परीक्षेला घरून एक खोटा पेशंट न्यायचाय, हे कळल्यावर त्यांनी आठवडाभर आरशासमोर कण्हायचा सराव केला. शेजारी दोनदा चौकशीला येऊन गेले. परीक्षेच्या दिवशी तर चेहरा खप्पड दिसावा म्हणून त्यांनी कवळीही घरीच ठेवली.

सून या विषयात एकदा नापास झाली होती. परीक्षक समोर दिसले की पाठ केलेलं सगळं तिच्या डोक्यातून पळून जायचं. यंदा हुकलं तर अख्खं वर्ष जाणार, आणि त्याची धास्ती तिच्यापेक्षा अप्पांनाच जास्त होती.

कॉलेजातल्या सिस्टरने त्यांच्या डाव्या हातावर पांढुरका, चामड्यासारखा डाग रंगवला. "हे खोलवरचं भाजणं. इथल्या नसाच जळाल्यात, तेव्हा दुखत नाही. ओरडायचं नाही."

"अजिबात?"

"हूं की चूं नाही."

म्हणजे पुन्हा प्रेतच. करमच फुटकं, त्याला कोण काय करणार.

नंबर यायला वेळ होता. नवे बूट चावत होते म्हणून अप्पा बूट-मोजे काढून बसले. रंग पुसू नये म्हणून डावा हात वर धरला, घरून आणलेला चहाचा थर्मास गुडघ्यांत दाबला आणि उजव्या हाताने झाकण फिरवलं. झाकण निघालं, थर्मास कलला आणि वाफाळता चहा थेट उजव्या पावलावर. अप्पांनी ओठ गच्च मिटले. बोंब मारली तर सून घाबरणार, आणि मग पेपर गेलाच. ते लंगडत बेसिनपाशी गेले. नळ समोर होता, पण या शहाण्याने नळ सोडून कुणाचीतरी टूथपेस्ट उचलली, पावलावर थापली आणि वर मोजा चढवला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आत परीक्षक मॅडम घड्याळ घेऊन बसल्या होत्या. "पंधरा मिनिटं. करा सुरुवात."

"डाग पांढरा आहे... कोरडा..." सुनेचा आवाज कापत होता. मग ती थांबलीच. विसरली, अप्पांना वाटलं. पण ती नाक वर करून वास घेत होती.

"अप्पा, पेपरमिंटचा वास कुठून येतोय?"

"सकाळी दात घासले."

"दात घरी डबीत आहेत तुमचे."

तिने खाली पाहिलं. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. तिने तो हलकेच उतरवला. पाऊल लालबुंद, वर दोन फोड. पुढच्या क्षणी खुर्ची कोपऱ्यातल्या मोरीपाशी आणि पाय नळाखाली.

"अगं, तेही रंगवलेलंच आहे," अप्पा म्हणाले. इतक्या वर्षांत वाट्याला आलेला पहिला संवाद, आणि तोही कुणाला पटला नाही.

"हा पाय तुमच्या पेपरात नाही," मॅडम म्हणाल्या. "वेळ चाललाय."

"जाऊ दे, मॅडम. वीस मिनिटं तरी पाणी सोडावं लागेल. पुढच्या वर्षी येईन मी." आवाज आता कापत नव्हता.

अप्पांनी पाय मागे ओढून पाहिला, पण तिने तो सोडला नाही. ज्यासाठी एवढं सोसलं तेच हातचं चाललं होतं.

मॅडम उठून मोरीपाशी आल्या. "बर्फ का नाही लावलात?"

"त्याने कातडी आणखी बिघडते."

"टूथपेस्ट?"

"उष्णता आत कोंडते. धुऊन टाकली."

"फोड?"

"फोडायचे नाहीत. नंतर स्वच्छ पट्टी, सैलसर."

"आणि तो हात?"

"तो खोल आहे. स्वच्छ कापडाने झाकायचा आणि लगेच मोठ्या दवाखान्यात."

"पण पेशंट पायासाठीही ओरडत नाहीये. म्हणजे पायही तितकाच खोल भाजलाय?"

सुनेने अप्पांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "नाही मॅडम. लाल आहे, फोड आलेत, म्हणजे भयंकर दुखत असणार. माझा पेपर जाऊ नये म्हणून गप्प बसलेत ते."

मॅडमनी घड्याळ पर्समध्ये टाकलं. "पास आहात तुम्ही. आणि अप्पा, आता ओरडलात तरी चालेल."

अप्पांनी आठवडाभराच्या सरावाचं चीज केलं. बाहेरच्या रांगेत सगळे दचकले. एक मुलगी रंगवून बसवलेल्या आपल्या मावशीला म्हणाली, "बघ, असं जमलं पाहिजे."

मावशीने नाक मुरडलं. "जरा जास्तच करतोय."