खरवडलेलं नाव

मित्रांनो, खो-खो खेळताना तुम्ही ज्याला हात टेकवून गर्रकन वळता, तो खांब म्हणजे मी. वय वर्षं एकोणीस. जमिनीवर मी तुमच्या छातीपर्यंत येतो आणि हातभर जमिनीखाली असतो. वरचा भाग गुळगुळीत, तेल प्यायलेला, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. माझी गोष्ट आहे ती खालच्या हातभराची. स्वभावाने मी ताठ. जागचा हलत नाही, याचा मला पूर्वी फार अभिमान होता. आता तेवढा राहिलेला नाही.

कासूजवळच्या आमच्या गावात ज्यू समाजातले सायमनकाका राहतात. त्यांचे भाऊ, चुलते सगळे इस्रायलला गेले, काका तेवढे मागे राहिले. त्यांच्या जुन्या तेलघाण्याच्या खोपीत एक सागवानी वासा पडून होता. गावातल्याच केरूदादांनी तो मागितला, तेव्हा काका म्हणाले की पोरी खेळणार असतील तर विचारतोस कशाला, उचल आणि ने. दादांनी त्याचे दोन तुकडे केले, रंधा मारला, काचेच्या तुकड्याने खरवडून खरवडून मऊ केले आणि शाळेच्या मैदानात दोन टोकांना पुरले. पलीकडे उभा आहे तो माझा जुळा भाऊ. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना नुसते बघतो आहोत.

केरूदादा शाळेतले शिक्षक नव्हते. रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत कंत्राटी कामगार होते. सकाळची शिफ्ट संपली की रोह्याहून गाडी पकडायची, कासूला उतरायचं आणि घरी न जाता थेट मैदानात यायचं, हा त्यांचा नेम. सहावी ते आठवीच्या मुलींना खो-खो शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून ते शिकवायला लागले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी नेमलंही नव्हतं.

आल्याबरोबर ते आधी मला भेटायचे. उघडा तळहात वरून खालपर्यंत फिरवायचे. लाकूड कुठे उकललं असेल, बारीक काटा वर आला असेल, तर तो त्यांच्या हातात जायचा, मुलींच्या हातात नाही. काटा लागला की मुकाट्याने दाताने काढायचे आणि ती जागा काचेने घासायचे. एकोणीस वर्षांत माझ्यामुळे एकाही मुलीला इजा झाली नाही. लोक याचं श्रेय मला देतात आणि मला लाज वाटते.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आम्हां दोघांना उपटून शाळेच्या मागच्या खोलीत ठेवायचे. त्या दिवशीचा एक रिवाज होता. त्या वर्षीच्या कॅप्टनने खिळा घ्यायचा आणि माझ्या बुडाशी, जो भाग मातीत जातो तिथे, आपलं नाव आणि साल कोरायचं. वरती कोरलं तर हाताला लागेल, म्हणून खाली. पहिली कॅप्टन अनिता. तिने आपलं नाव कोरलं आणि त्याच्याखाली, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून कोरलं, ‘केरूदादा’.

मुली घरी गेल्यावर दादांनी ते वाचलं. थोडा वेळ बोट फिरवलं. मग खिशातून काच काढली आणि नाव खरवडून टाकलं. स्वतःशीच म्हणाले, “खांब पोरींचा हाय. माझं काय काम तिथं.”

मला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं होतं. काय वेडा होतो मी.

कागदांचंही त्यांनी तेच केलं. सामन्यांच्या अर्जात मार्गदर्शकाचं नाव लिहायची एक ओळ असते. तिथे दरवर्षी चित्रकलेच्या सुजय सरांचं नाव जायचं. सर आधी तयारच नव्हते. पण दादांनीच हट्ट धरला की सर, तुमच्या बढतीला उपयोगी पडेल, मला काय करायचंय त्याचं. सरांनी संकोचत सही केली. पुढच्या वर्षी संकोच जरा कमी झाला आणि नंतर ती सवयच होऊन गेली. रोह्याच्या सामन्यांत मुली तीनदा पहिल्या आल्या. तिन्ही वेळा फोटोत सर मधे होते आणि दादा फोटो काढणाऱ्याच्या मागे उभे राहून मुलींना हसवत होते.

गेल्या वर्षी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. सहावी ते आठवीच्या मुलांना खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. प्रथमोपचाराचं वेगळं हवं, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा. नसेल त्याने मैदानात पाऊल टाकायचं नाही.

मुली चिडल्या. दादा चिडले नाहीत. माझ्याशेजारी उकिडवे बसून त्यांनी मुलींना समजावलं, “नियम बरोबर हाय गो. तुमच्या हाताला, पायाला धरून शिकवायचं असतंय. कोण पण येऊन शिकवंल, तर चालंल काय? मी काढतो ना सर्टिफिकेट.”

आणि त्यांनी खरंच मनावर घेतलं. पोलिसांचा दाखला आणला. प्रथमोपचार ते कंपनीत शिकले होते, तो कागद मिळाला. राहिलं प्रशिक्षण. त्या वर्गाला दहावी पास लागत होतं आणि दादांची शाळा आठवीत सुटलेली. दहावी नसेल त्याच्यासाठी एक सवलत होती. दहा वर्षं शाळेत खेळ शिकवल्याचा, त्या त्या वर्षी लिहिलेला पुरावा द्यायचा.

मोठ्या बाईंनी कपाट उघडून एकोणीस वर्षांचे अर्ज काढले. एकोणीस ठिकाणी सुजय सर.

सर नुकतेच दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापक होऊन गेले होते. निरोप मिळताच आले. मैदानाच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसले आणि म्हणाले की मी लिहून देतो, ती नावं खोटी होती म्हणून. दादांनी त्यांना लिहू दिलं नाही. एकोणीस खोट्या सह्या कबूल केल्या तर सरांच्या नोकरीवर येईल, हे त्यांना कळत होतं. सर रडले. दादांनीच त्यांना पाणी आणून दिलं.

त्या वर्षीची कॅप्टन दिशा. ती अनिताचीच मुलगी. अनिता शेजारच्याच वाडीत दिलेली आहे. घरी हा विषय निघाला तेव्हा अनिताला आठवलं. ती लेकीला म्हणाली, “अगो, खांबावर हाय ना दादाचं नाव. मी सोता लिवलंय. साल पण हाय. पुढं दर सालच्या कॅप्टनची नावं पण हायत.” बिचारीला काय माहीत, तिच्या पाठीमागे काय झालं ते.

दुसऱ्याच दिवशी भर हंगामात मुलींनी मला उपटलं. दादा शिफ्टला होते. बुडाशी माती घट्ट बसली होती. खरवडून काढली तर अक्षरं झिजतील, म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली, वर गोणपाट गुंडाळलं आणि मला मिनीडोर रिक्षात आडवा घालून पेणला नेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गावाबाहेर पडलो होतो. आठ मुली आणि अनिता मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सगळ्या हसत होत्या. मित्रांनो, त्या वाटेवर मला वाचा असती तर मी सांगितलं असतं की बायांनो, परत फिरा.

संस्थेच्या कार्यालयातले साहेब वयस्कर होते, भले होते. त्यांनी चिडचिड केली नाही. मला दोन खुर्च्यांवर आडवं ठेवायला लावलं आणि शिपायाकडून ओलं फडकं मागवून स्वतःच्या हाताने माती पुसली. मग बोट ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. मृणाली, ऋतुजा, सायली. नाव, साल. नाव, साल. वाचता वाचता त्यांचा आवाज मऊ झाला. शेवटी ते पहिल्या नावाशी आले.

“अनिता,” त्यांनी वाचलं. “आणि केरूदादांचं नाव कुठं आहे?”

“तिच्याखाली,” अनिता म्हणाली आणि पुढे वाकली.

तिच्याखाली एक उथळ, गुळगुळीत खळगा होता. अनिताने त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. कुणी खरवडलं असेल, हे तिला सांगावं लागलं नाही. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाळ,” ते दिशाला म्हणाले, “मला दिसतंय सगळं. पण मी काय लिहू? इथं काही नाही.”

परतताना मिनीडोरमध्ये कुणी हसलं नाही. मला वाटत होतं, हा खळगा माझ्या अंगावर आहे, म्हणजे गुन्हा माझाच आहे.

आता आठवड्यातून दोन दिवस रोह्याहून दिपिका मॅडम येतात. त्यांच्याकडे सगळी प्रमाणपत्रं आहेत आणि शिकवतातही मन लावून. त्यांचा काही दोष नाही. पहिल्या दिवशी दादा फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. कोणत्या मुलीचा डावा घोटा अधू आहे, कोण घाबरली की खोटं हसते, सगळं त्यांनी मॅडमना सांगितलं. शेवटी म्हणाले, “आणि म्याडम, खेळाआधी खांबावरनं हात फिरवायचा. उघडा.”

मग माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गेले. पुढच्या महिन्यापासून त्यांनी दुपारची शिफ्ट मागून घेतली. ती सुटते तेव्हा मैदानात कुणीच नसतं. मॅडम हात फिरवतात, विसरत नाहीत. पण तो हात मऊ आहे. सागवानाला इतकी वर्षं चरे पडलेल्या तळहाताची सवय होती.

मे महिन्यात आम्हांला उपटलं. दिशाने खिळा घेतला. स्वतःचं नाव तिने कोरलंच नाही. त्या खळग्यात खिळा टेकवला आणि कोरायला लागली. मॅडम शेजारी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “खोल लिही.” खूप दुखलं मला. मी हूं की चूं केलं नाही.

मित्रांनो, आम्हां खांबांची काळजी घ्या, तेल द्या, असं मी सांगणार नाही. माझं मागणं एवढंच आहे की जो तुम्हांला शिकवतो त्याचं नाव त्याच वर्षी, शाईने, कागदावर लिहून ठेवा. तो नको नको म्हणेल. त्याचं ऐकू नका.

सध्या पावसाळा आहे आणि मी मागच्या खोलीत आडवा पडलो आहे. केरूदादांचं नाव आता माझ्या अंगावर आहे, एकोणीस वर्षं उशिरा, कुठल्याही अर्जाला जोडता न येणारं. दार वाजलं की मला वाटतं, ते आले. खिशातून काच काढतील, म्हणतील, खांब पोरींचा हाय, आणि हेही नाव खरवडून टाकतील. टाकू देत. पण ते येत नाहीत.