सुप्रियाच्या गाडीखालचं कडं

मित्रांनो, मी एक वाकलेला सेफ्टी लूप आहे. साध्या मराठीत सांगायचं तर पोलादाचं जाडजूड कडं. जुना म्हणवून घ्यावं एवढं माझं वय नाही. पण एका सकाळी मी जे पाहिलं, त्यानं अजून माझी छाती भरून येते. कड्याला छाती नसते हे मलाही ठाऊक आहे. हसू नका.

माझा जन्म मंचरचा. मला घडवणाऱ्या पीयूषच्या घरची पिढीजात कांद्याबटाट्याची आडत. त्याला मात्र कांद्यापेक्षा तापल्या लोखंडाचा वास गोड लागायचा, म्हणून त्यानं हायवेलगत वर्कशॉप टाकलं. तिथं त्यानं एक सपाट पट्टी तापवली, वाकवली, तिला दोन्हीकडं बोल्टासाठी कान जोडले आणि मी तयार झालो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. देवपण राहू द्या, मला नोकरी तरी लागली.

नोकरी शिनोलीच्या सुप्रियाच्या गाडीखाली. दोन गाड्या शेजारी उभ्या करून सरळ रस्त्यावर एकदम सोडायच्या आणि पहिली कोण पोचते ते बघायचं, त्या ड्रॅग रेसचं तिला वेड. तिचे वडील यमाजी. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली, यमाजींनी शेती केली आणि बैलगाडा पळवला. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, त्यांना मान. घाटात गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात; लेकीच्या गाडीची धावही त्यांच्या लेखी बारीच.

मला बसवत होते तेव्हा ते शेजारी उकिडवे बसले होते.

"ह्ये कशापायी?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेतो तो ह्यो लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट," सुप्रिया म्हणाली. "पळताना त्याचा पुढचा सांधा तुटला, तर टोक खाली पडून रस्त्यात रुततं आन् गाडी पलटी मारती. ह्यो लूप असला की टोक ह्याच्यातच अडकतं."

"आन् सांधा न्हाई तुटला तर?"

"तर ह्याला काय काम न्हाई."

यमाजींनी माझ्याकडं पाहिलं, ते महिनाभर राहायला आलेल्या पाव्हण्याकडं पाहावं तसं. सुप्रियानं मला सांध्यापासून वीतभराच्या आत आणलं, बोल्ट आवळले आणि दांडा हातानं फिरवून तो मला कुठं शिवत नाही ना, ते पाहिलं.

मग तिनं गाडी चालू केली. मित्रांनो, काय सांगू! माझ्या पोकळीत तो दांडा फिरू लागला, आणि बघता बघता दांडा दिसेनासाच झाला. उरली नुसती एक चकाकी आणि अंगातून जाणारी थरथर. एवढी ताकद माझ्या मधून वाहत होती आणि मला स्पर्शही करत नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यावर आपोआप आवाज खाली येतो ना, तसं मला झालं.

शर्यतीचा दिवस उजाडला. दूरच्या एका बंद धावपट्टीवर तपासनीसांनी मला हलवून पाहिलं आणि गाडी पास केली. सुप्रिया नियम ऐकायला गेली. पीयूष पेट्रोल आणायला गेला. गाडी अजून जॅकवरच होती. यमाजींनी इकडंतिकडं बघितलं, पाना उचलला आणि खाली शिरले.

ती परत आली तेव्हा मी त्यांच्या मांडीवर होतो.

"हलकी केली तुजी गाडी," ते खुशीत म्हणाले. "घाटात आमी गाड्याला एक खिळा जास्त ठिवत न्हाई. ह्यो तर नुसता बसून व्हता!"

सुप्रियाचा चेहरा पांढरा पडला. ओरडेल असं मला वाटलं, पण ती त्यांच्यासमोर खाली बसली.

"आप्पा, घाटाच्या वरल्या टोकाला तुमी बैल धरायला हुबं ऱ्हाता. कशापायी?"

"आगं, न्हाई धरलं तर बैल उधळत्यात. मानसं तुडवत्याल."

"मंग माझा दांडा उधळला तर कोन धरनार?"

यमाजींनी मला मांडीवरून उचललं. मग ते स्वतःच पुन्हा गाडीखाली शिरले. मला दोन्ही हातांनी वर दाबून धरलं आणि सुप्रियानं बोल्ट आवळले. शेवटचा बोल्ट तिनं आवळला, तरी त्यांनी तो पुन्हा आवळून पाहिला.

हिरवा दिवा लागला. गाडी उसळली. अर्धी धाव झाली असेल नसेल, मोठा आवाज झाला. सांधा तुटला! तोच दांडा, ज्याला मी देव मानत होतो, पिसाळून माझ्यावर आदळला. एकदा, पुन्हा, पुन्हा. ठिणग्या उडाल्या, माझं अंग वाकलं. वेदना होत होती, आणि त्या वेदनेतही मी थक्क होतो, की मी धरलंय, याला मी धरलंय! गाडी सरळ पुढं घरंगळत गेली आणि थांबली. चाकं जमिनीवर होती.

सुप्रिया दार उघडून बाहेर आली. यमाजी चप्पल टाकून अनवाणी पळत आले.

"आप्पा, आपली बारी बाद झाली," पीयूष हळूच म्हणाला.

"व्हऊ दे. पोर चालत आली न्हवं?"

मग ते गाडीखाली वाकले. माझ्या तापलेल्या अंगाला हात लावला, चटका बसला तरी काढला नाही. खिशातला भंडारा आधी लेकीला लावला, मग मला.

"येकदा वाकलेला लूप परत वापरत न्हाईत, आप्पा. नवा करावा लागंल," पीयूष म्हणाला.

"कर. पट्टी जाड घे. जड झाली तरी चालंल."

मित्रांनो, तुमच्याही आसपास माझी भावंडं आहेत. विहिरीचा कठडा आहे, गाडीतला पट्टा आहे, डोक्यावरचं हेल्मेट आहे. ती रोज नुसती बसून असतात. त्यांना कधीच काम पडू नये, असंच मी मागतो. पण म्हणून त्यांना काढून ठेवू नका. तुमच्या वाटेकडं डोळे लावून बसलेलं कुणीतरी असतंच.