मम्मीची बरणी आणि पप्पांची पहाट

आमच्या पापडी गावातल्या घरात नाताळच्या तोंडावर दोन गोष्टी हमखास होतात. अंगणात देखाव्याचा गोठा उभा राहतो आणि मम्मीची लोणच्याची बरणी गायब होते. बरणी पप्पा पळवतात. कशाला? तर गोठ्यावर पहाट उजाडायला!

म्हणजे असं की बरणीत मिठाचं पाणी, त्यात दोन पत्रे, आणि त्या पत्र्यांतून गोठ्यामागच्या पिवळ्या बल्बला जाणारी वीज. वरचा पत्रा हळूहळू खाली सोडला की बल्ब हळूहळू उजळतो. आणि वीज कुठली, तर थेट घरातल्या प्लगमधली! आमचे कॉन्रॅडसाहेब, म्हणजे पप्पा, तरुणपणी गावच्या नाटकांना असाच उजेड द्यायचे, ती खोड काही जात नाही. गेल्या वर्षी असा झटका बसला की हात खांद्यापर्यंत बधिर झाला. तरी वर म्हणतात, "टिफनी, काय नाय होत गं."

काय नाय होत म्हणे! मी दिवसभर ऑफिसात लोकांचे टॅक्स भरते, वायरीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण यंदा मी ठरवूनच टाकलं, बरणी स्वयंपाकघरात राहील आणि पहाट उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरवर होईल.

"करून दाखव," पप्पा म्हणाले. "पण पहाट हळू आली नाही, तर बरणी माझी."

मोबाईलवर व्हिडिओ बघून मी सामान मांडलं. डिमरमध्ये ट्रायक असतो, तो विजेचं दार. ते दार उघडायला त्याला कोणीतरी ढोसावं लागतं. ढोसायला कोणाला घ्यायचं, इथेच आमचं वाजलं. व्हिडिओवाला म्हणे डायक नावाचा छोटा पार्ट घ्या. पप्पा म्हणे टेस्टरमधला निऑनचा दिवा घे, आणि मला न विचारता त्यांनी माझा नवाकोरा टेस्टर फोडलासुद्धा. लावला निऑन. अर्धं बटण फिरेपर्यंत बल्ब ढिम्म, मग फाडकन पेटला, आणि शेवटपर्यंत फिरवलं तरी पुरता उजळेना. निऑनला जागं व्हायलाच जास्त व्होल्ट लागतात, हे मला मागाहून कळलं.

मग स्टेशनजवळच्या दुकानातून डायक आणला. तांदळाच्या दाण्याएवढा, निळा, आणि त्यावर दिशा दाखवणारी पट्टीच नाही! प्लस कुठला, मायनस कुठला? पप्पा म्हणे हा पाय प्लस, मी म्हणे तो. रविवारच्या चर्चमधल्या मिस्साहून आलो तेव्हापासून जेवणं थंड होईपर्यंत आम्ही भांडलो. शेवटी मम्मीनेच दुकानदाराला फोन लावला.

"मॅडम, त्याला उलटसुलट नसतंच. कसाही लावा."

"बघ, मी बरोबर होतो," पप्पा म्हणाले.

डायक लावला. या वेळी बल्ब लवकर पेटला, पुरता उजळलाही. पण पेटताना टुणकन उडी मारूनच.

"पहाट काय अशी उड्या मारत येते?" पप्पा उठले आणि बरणीकडे निघाले.

माझं डोकंच फिरलं. "खड्ड्यात गेली पहाट! मला बाप हवाय!" मी ओरडले आणि रागाने बटण उलटं फिरवलं.

बल्ब विझला नाही. मंद झाला, आणखी मंद झाला, शेवटी आतली तार नुसती लाल राहिली. एकदा पेटला की हा पठ्ठ्या पेटण्याच्या जागेपेक्षा कितीतरी खाली उतरत होता.

पप्पा बरणी सोडून परत आले आणि खाली बसले. त्यांनी बटण अलगद वर नेलं, खाली आणलं, परत वर नेलं. "म्हणजे गोठ्यापुढच्या पडद्याआडच पेटवून खाली आणून ठेवायचा," ते म्हणाले. "उडी बघणार कोण?"

नाताळच्या आदल्या संध्याकाळी अख्खी आळी अंगणात जमली. प्लास्टिकच्या डब्यात बंद केलेला डिमर घेऊन पप्पा गोठ्यामागे बसले. मम्मी सवयीने मेन स्विचपाशी जाऊन उभी राहिली. दर वर्षी ती तिथेच असते, बोट स्विचवर आणि डोळे पप्पांच्या हातांवर. मी तिला दंडाला धरून आणलं आणि पुढच्या खुर्चीत बसवलं.

पडदा सरकला. गवताच्या छपरामागे आधी लाल झालं, मग शेंदरी, मग सोनेरी. मेंढरं दिसली, मारियेचा निळा पदर दिसला.

मम्मीने ही पहाट आजवर कधी बघितलीच नव्हती.

"अशी होते होय?" ती पुटपुटली. मग पदराने डोळे पुसले आणि सगळ्या आळीदेखत ओरडली, "अहो, परत करा!"