भंगार म्हणू नका, राजदूत म्हणा

मी राजदूत मोटारसायकल बोलतेय. गोल दिव्याची, अंगाने जड आणि आवाजाने त्याहून जड. मला भंगार म्हणणारे पुष्कळ भेटले. आता माझं ऐका.

जन्म उत्तरेतल्या कारखान्यातला, पण मला आयुष्य दिलं पनवेलजवळच्या एका गावातल्या बळीरामने. तो मासळीचा धंदा करायचा. पहाटे करंजाच्या बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, पाट्या माझ्या पाठीवर बांधायच्या आणि उन्हं चढायच्या आत पनवेलच्या बाजारात पोचवायच्या. तिथे त्याची बायको मालू विकायला बसे. परतताना ती मागे बसायची. चढावर मी धापा टाकायला लागले की म्हणायची, "चल गो बाय, आला घर." इतक्या मायेने मला पुन्हा कुणी हाक मारली नाही.

मग एके सकाळी पळस्प्याच्या नाक्यावर एक टँकर मागचं न बघता उलटा आमच्यावर आला. बळीरामचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. चूक टँकरवाल्याची होती, पण तो पळून गेला आणि मी घरी आले.

"हिनंच माज्या नवऱ्याचा पाय खाल्ला," मालू म्हणाली.

मला गोठ्यात ढकललं. वर्षं गेली. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या, उंदरांनी वायरी कुरतडल्या, टाकी आतून गंजली, पिस्टन जागच्या जागी जखडला. तरी मी मेले नव्हते. मला कोणी विचारलंच नव्हतं.

गावच्या जमिनींवर इमारती उभ्या राहिल्या, तसा मुलगा धनेश बिल्डर झाला. त्याला गोठा पाडून चारचाकीसाठी जागा हवी होती. भंगाराचा टेम्पो दारात आला. दोघांनी माझं पुढचं चाक उचललं, तेवढ्यात त्याची धाकटी बहीण अंकिता येऊन सरळ माझ्यावर बसली. खारघरच्या कॉलेजात वर्कशॉप शिकवणारी मुलगी ती.

"उतर, ड्रेस खराब होईल," धनेश म्हणाला.

"होऊ दे. गाडी नाय देनार."

"चालते तरी का ती?"

"चालेल. मीच चालवीन."

टेम्पो रिकामा गेला. गोठा तिचं वर्कशॉप झाला. तिने माझा नटबोल्ट न् नटबोल्ट सुटा केला. सिलिंडरमध्ये ऑइल ओतून ती थांबायची, लाकडी ठोकळ्याने पिस्टनवर हलकेच ठोकायची, पुन्हा थांबायची. टाकीत खडे घालून ती इतकी हलवली की गंजाचं लाल पाणी अंगणभर झालं. "रंग लाव, काय पन कर, पन घराभायेर काढायची नाय," मालू बजावायची. बळीराम ओट्यावरून बघत बसायचा.

अखेर एका रविवारी मी खोकले, थांबले, पुन्हा खोकले आणि गरजले. कोंबड्या उडाल्या. बळीराम काठी न घेताच उभा राहिला.

ही बातमी धनेशच्या ओळखीच्या चारुदत्तपर्यंत गेली. त्याचं खारघरला कॅफे होतं. तो माझ्याभोवती फिरून म्हणाला, "भिंतीवर एकदम क्लासिक दिसेल! इंजिन काढून टाकू, म्हणजे हलकी होईल."

धनेशने मान डोलावली. अंकिताचा चेहरा लाल झाला, पण तिच्या आधी बळीराम बोलला. त्याने धोतर वर करून आपला कृत्रिम पाय, जयपूर फूट, दाखवला.

"माजा पाय गेला, तवा मला कोनी भिंतीवर टांगला नाय. हिला पन टांगायची नाय. अंकिता, किक मार."

"अवो, वेड लागला का तुमाला?" मालू धावत आली.

"घाबरून लई वर्सं बसलो, मालू. आता नाय."

ती फाटक अडवून उभी राहिली. त्याच्याकडे बघत राहिली. मग डोळे पुसत घरात गेली आणि धनेशचं हेल्मेट घेऊन आली. बळीरामच्या डोक्यावर तिनेच चढवलं, पट्टा तिनेच आवळला.

बळीराम मागे बसला. पळस्प्याचा नाका दिसला तसा अंकिताने वेग कमी केला. त्याची बोटं तिच्या खांद्यात रुतली होती.

"थांबू का, बाबा?"

"कशाला? गोव्याच्या रस्त्याला घे."

आम्ही नाका ओलांडला. मागून टँकर भोंगे वाजवत होते. मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.

आज माझं ऑइल थोडं गळतं, थंडीत मी पटकन उठत नाही. मालू अजून माझ्याशी बोलत नाही, पण माझ्यावर आता कोंबडी बसू देत नाही.

तुमच्या जिन्याखाली, गोठ्यात माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला हार घालू नका, भिंतीवर चढवू नका. बाहेर काढा, किक मारा. नाही उठली तर पुन्हा मारा. आम्ही हट्टी आहोत, तुम्हीही व्हा.