बाहुल्यांचे डोळे

वरलक्ष्मीने शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडली तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. कुंभकोणम्‌मध्ये नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. त्यांत देवच जास्त. तिला मात्र गावातली माणसं करायची होती: फुलं ओवणारी बाई, बसचा कंडक्टर, दारात कोलमची रांगोळी काढणारी मुलगी. घराच्या पुढच्या खोलीत तिने कागदाचा लगदा भिजवला आणि नावाची पाटी लावली.

तिचे यजमान रघुपती सर्व्हे ऑफिसात नकाशे काढायचे. संध्याकाळी घरी आले की बाहुल्यांचे डोळे तेच काढत. नकाशावरच्या रेषेची सवय असलेला तो हात एका दमात पापणी ओढायचा. वरलक्ष्मीला ते कधी जमलं नव्हतं. पाच वर्षांत चेन्नई, बंगळूरहून ऑर्डरी येऊ लागल्या. लोक म्हणत, बाकीच्या बाहुल्या नुसत्या बघतात, तुमच्या ओळखतात.

मग रघुपतींचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार बरा होत नाही, आवरता येतो. ऑफिस सुटलं. डोळे काढणं त्यांनी सोडलं नाही. "सकाळच्या गोळीनंतर तासभर हात स्थिर असतो की," ते म्हणायचे.

स्थिर नसायचा. आडी महिन्यात, आषाढाच्या सुमारास, एका गिऱ्हाइकाने बाहुल्यांची जोडी डोळे वाकडे म्हणून परत पाठवली. वरलक्ष्मीने ती लपवली. त्यानंतर रघुपती रोज सकाळी बसने तिरुवलंचुळीच्या विनायकाच्या दर्शनाला गेले, की ती आदल्या दिवशीचे डोळे पुसून नव्याने काढायची. आधी वाईट यायचे. दोन महिन्यांत इतके चांगले यायला लागले की तिलाच भीती वाटली.

नवरात्राला चार दिवस असताना बस आलीच नाही. रघुपती अर्ध्या तासात परतले. दारात उभे राहिले. तिच्या हातात ब्रश होता, समोर कंडक्टरची बाहुली, एक डोळा पुसलेला.

"कधीपासून?"

"आडीपासून."

"सगळ्या?"

तिने ब्रश खाली ठेवला.

ते हळूच बाकावर बसले. "गेल्या आठवड्यात बंगळूरची ती गिऱ्हाईक, मधुमिता, फोनवर म्हणाली, डोळे बघून रडू आलं. मी तिला थँक्स म्हणालो, वरू. तू शेजारीच बसली होतीस."

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून..."

"ठाऊक आहे मला."

त्यांनी आपले ब्रश उचलले, नळाखाली स्वतः धुतले, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले. ती म्हणाली, "हे सगळं बंद करू या." ते म्हणाले, "नको. माझ्यामुळे बंद पडलं, तेवढं मला सोसवणार नाही."

त्या वर्षी विकायची एकही बाहुली उरली नाही. रघुपती पुढच्या खोलीत पाऊल टाकेनासे झाले. ती दुपारी एखादी बाहुली आत घेऊन जायची, ते वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, "छान आलीय."

पोंगलच्या सणानंतर गावातल्या एका कॉलेजने तिला बोलावलं. स्वतःच्या कलेवर पोट कसं भरावं, हे मुलींना सांगायचं होतं. रघुपती तिच्या आग्रहाने आले आणि शेवटच्या रांगेत बसले. ती बरं बोलली. शेवटी कीर्ती नावाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, डोळे कोण काढतं?"

वरलक्ष्मीने मागे बघितलं. "माझे यजमान."

सगळ्या माना वळल्या. रघुपती खुर्चीला धरून उठले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाही. तीच काढते."

टाळ्या झाल्या. खूप वेळ झाल्या.

घरी आल्यावर तिने विचारलं, "असं कशाला बोललात?"

"खरं आहे म्हणून." चप्पल काढताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. "एकदा माझ्यासाठी खोटं बोललीस. आज परत. अजून किती वेळा बोलशील?"

ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. ती पुढच्या खोलीत गेली नाही. दिवे लागेपर्यंत त्यांच्या पायाशी बसून राहिली. त्या दिवशी तिने ब्रश हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी घ्यावाच लागला. मदुराईची ऑर्डर होती.