लामिसच्या पुलावरची आरोळी

अरबांच्या आणि रोमींच्या त्या लढाईत रोमी सैन्यापर्यंत सगळ्यांच्या आधी कोण पोचला? आमच्या तरसूसचा झुहैर पाणक्या. बखरी लिहिणारे हे सांगत नाहीत, कारण त्यांना खेचरं कळत नाहीत. खिंडीत दोन्ही सैन्यं समोरासमोर ठाकलेली, ढोल वाजायचे होते, एवढ्यात झुहैरच्या खेचराला पलीकडची एक घोडी आवडली. खेचर सुसाट, वर झुहैर, दोन्ही अंगांना पाण्याच्या पखाली. आपले लोक म्हणाले, काय छातीचा गडी! रोमी भालाईत तर दोन पावलं मागे सरले. मग जी लढाई पेटली, तीत एवढी धूळ उडाली की दोन्ही सेनापतींनी घरी विजयाची पत्रं धाडली. झुहैर तोवर एका रोमी गाडीला बांधलेला होता.

अकरा वर्षं त्यानं डोंगरातल्या एका गावात काढली. तिथल्या म्हाताऱ्या पाद्र्याची कंबर गेलेली, म्हणून चर्चबाहेर टांगलेली लाकडी फळी बडवायचं काम झुहैरकडे आलं. फळी वाजली की अख्खं गाव म्हणे, "किरिए एलेइसोन." म्हणजे, प्रभो, दया कर. झुहैर मनात आपला कलमा म्हणे आणि उमामाला आठवे. चुलत्याची मुलगी, लहानपणापासून अरे-तुरेतली, आणि चार महिन्यांची बायको. सहाव्या वर्षी तिचा चेहरा पुसट झाला, नवव्या वर्षी पार गेला. उरलं ते एवढंच, की पीठ मळताना ती मनगटानं केस मागे सारी आणि कपाळाला पीठ लागे. त्या कपाळभर पिठावर त्यानं पुढचे दोन हिवाळे काढले.

शेवटी कैद्यांच्या एका अदलाबदलीत त्याची पाळी आली. सरहद्दीच्या लामिस नदीवर शेजारी शेजारी दोन पूल. इकडून एक सुटला की तिकडून एक सुटायचा, आणि मधोमध येताच ज्यानं त्यानं आपल्या देवाची आरोळी द्यायची. झुहैर वाटभर "अल्लाहु अकबर" घोकत आला होता. पुलाच्या मध्यावर पोचला, आपला काठ दिसला, आणि तोंडातून खणखणीत निघालं,

"किरिए एलेइसोन!"

आपला काठ गार. रोमी काठानं मात्र सवयीनं दणदणीत साथ दिली.

पूल उतरताच नाईकानं त्याची गचांडी धरली. "बाटलास की हेर आहेस?"

"दोन्ही नाही, सरदार. पाणक्या आहे. जीभ घसरली."

"परत पाठवा याला!"

शेजारच्या पुलावरून सुटत असलेला रोमी कैदी अर्ध्यावर थबकला आणि झकास अरबीत ओरडला, "अहो, मग माझं काय? जाऊ की थांबू?"

नाईक गर्दीकडे वळला. "ओळखतं का कुणी याला?"

झुहैरची दाढी पांढरी, पाठ वाकलेली. कुणालाच ओळख पटेना. मग एक बाई गर्दी सारत पुढे आली, त्याच्यासमोर उभी राहून निरखू लागली.

"झुहैरच आहे," ती म्हणाली. "माझा जामीन लिहून घ्या."

"तू याची कोण?"

"चुलत बहीण. आता तेवढीच."

झुहैरला समजलं. तरी त्यानं विचारलं, "नवरा कोण?"

"खोगीरवाला वासिल. चार वर्षं थांबले रे. मग काझी म्हणाले, मोकळी झालीस."

"वासिल? तो तर घोरतो!"

"तू काय बासरी वाजवायचास?" ती हसली आणि लगेच तिनं पदर तोंडाला लावला. "तोच घेऊन आलाय मला. तो बघ, गाढव धरून उभा आहे. दर अदलाबदलीला आणतो. म्हणतो, नाही नेलं तर महिनाभर झोपत नाहीस."

"किती वेळा आलीस?"

"ही चौथी. पहाटेपासून शेवटचा माणूस उतरेपर्यंत इथेच उभी असते. प्रत्येक लांबून तूच वाटतोस."

वासिलनं लांबून हात हलवला. झुहैरनंही हलवला, काय करणार!

"चल," तो म्हणाला, "ऊन चढतंय."

उमामा हलली नाही. पुलावर अजून माणसं येत होती, एक इकडून, एक तिकडून, आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

"झुहैर," ती हळूच म्हणाली, "आता मी कुणाची वाट बघू रे?"